घरचा सिम्युलेटर, सेस्ना १७२ आणि नागपूरची धावपट्टी ३२

नवा सिम्युलेटर बसवला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांचं एकच चालतं. एअरबस घ्यायची, मुंबईहून दुबईकडे निघायचं, ऑटोपायलट लावायचा आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात जायचं. मजा येते, नाही असं नाही. पण महिनाभर असं फिरूनही छोटं विमान स्वतःच्या हाताने उतरवता येत नाही. ते शिकायचं तर एक विमान, एक विमानतळ आणि एक धावपट्टी धरून बसावं लागतं.

विमान सेस्ना १७२. एक्स-प्लेन, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि फुकट मिळणारं फ्लाइटगिअर, तिन्हींत ते आहे. खाली दिलेले आकडे १७२एस या मॉडेलचे आहेत: १८० अश्वशक्तीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन, जास्तीत जास्त वजन २५५० पौंड. फ्लाइटगिअरमधलं १७२पी जुनं, १६० अश्वशक्तीचं आणि कार्ब्युरेटरचं. त्याचे आकडे दोन-चार नॉटांनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) इकडेतिकडे होतात, आणि त्यात कार्ब हीटचा, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा, एक दांडा जास्त असतो.

विमानतळ नागपूर, आणि तो निवडायचं कारण साधं गणित आहे. समुद्रसपाटीपासून उंची १०३३ फूट. सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती आयताकृती फेरी मारून पुन्हा उतरणं, जमिनीपासून हजार फुटांवर उडवायचं असतं, म्हणजे आल्टिमीटरवर (उंचीच्या काट्यावर) गोल २०००. धावपट्टी १४/३२ (एका बाजूने दिशा १४० अंश, दुसऱ्या बाजूने ३२०), लांबी ३२०० मीटर. सेस्नाला याच्या चौथ्या हिश्श्यातही सगळं उरकता येतं, त्यामुळे चुकायला भरपूर जागा आहे. आजूबाजूला डोंगर नाहीत. धावपट्टी ३२ वरून डावं सर्किट घेतलं की दिशा अशा येतात: उड्डाण ३२०, क्रॉसविंड (धावपट्टीपासून आडवं दूर) २३०, डाउनविंड (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने) १४०, बेस (आडवं परत धावपट्टीकडे) ०५०, फायनल (उतरण्याची सरळ रेषा) पुन्हा ३२०. हे पाच आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवा. शहर उजव्या अंगाला राहतं आणि उड्डाणानंतर समोर, किंचित उजवीकडे, अंबाझरी तलाव दिसतो. नाक सरळ आहे की नाही हे पाहायला तो बरा पडतो.

उडण्याआधी एक संध्याकाळ नुसत्या सेटिंगला द्यावी. सिम्युलेटरमधल्या सगळ्या 'मदती' बंद करायच्या, आणि ऑटो-रडर (पायाने चालवायचं शेपटीचं सुकाणू आपोआप हलवणारी सोय) सर्वात आधी. तो चालू राहिला तर पाय काय करतात हे कधीच कळत नाही. जॉयस्टिकला पिळायचा रडर असेल तर त्या अक्षाला पाचेक टक्के डेड झोन (मध्याजवळची, हलवूनही परिणाम न होणारी जागा) द्या, नाहीतर काठी मागे ओढताना मनगट थोडं वळतं आणि नाक बाजूला पळतं. एलेव्हेटरला (नाक वरखाली करणाऱ्या अक्षाला) संवेदनशीलतेचा वक्र अगदी थोडा ठेवा. मध्यभाग मऊ करण्याच्या नादात वक्र खूप वाकवला की काठीच्या टोकाकडे सगळी ताकद एकदम येते. नेमकी उतरताना ती लागते आणि विमान फुग्यासारखं वर उसळतं. पेडल असतील तर टो-ब्रेकचा (पेडलच्या टोकाने लावायच्या ब्रेकचा) अक्ष उलटा लागलाय का ते पाहा. पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान रडतखडत पळत असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी ब्रेक तपासावेत. मिक्स्चरचा (इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेच्या प्रमाणाचा) अक्ष चुकून दुसऱ्याच दांड्याला जोडला गेल्याने इंजिन बंद पडणं हाही नेहमीचा प्रकार.

चित्राची गुणवत्ता कमी चालेल, पण सेकंदाला तीस फ्रेम स्थिर मिळायला हव्यात. पंधरा-वीसवर हात आणि चित्र यांत अंतर पडतं, आपण उशिरा आणि जास्त दुरुस्ती करतो, आणि विमान धावपट्टीवर डुलत येतं. झाडं-इमारती कमी करा, फ्रेम वाढवा.

आता ट्रिम, म्हणजे काठी न धरताही नाक हव्या त्या जागी ठेवणारी सोय. घरच्या सिम्युलेटरवर सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात, आणि त्याला विमान नाही, जॉयस्टिकची स्प्रिंग कारण आहे. खऱ्या सेस्नात वेग बदलला की योकवर (काठीच्या जागी असलेल्या हाताच्या चाकावर) दाब जाणवतो. योक आहे तिथेच धरायचा आणि दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं. घरच्या काठीची स्प्रिंग मात्र तिला कायम मध्यावर खेचते. म्हणून इथे दोन गोष्टी एकत्र चालवाव्या लागतात: ट्रिम थोडी, आणि तेवढ्याच प्रमाणात काठी मध्याकडे सोडणं. काठी मागे ओढलेली तशीच ठेवून ट्रिम वर नेली की नाक वर जातं, मग उलटी ट्रिम, मग नाक खाली, आणि विमान समुद्रातल्या होडीसारखं वरखाली होत राहतं.

क्रम असा ठेवा. आधी काठीने नाक क्षितिजाच्या हव्या त्या जागी आणा. थ्रॉटल ठरवा. मग वेग स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबा. या थांबण्यातच सगळ्यांचा धीर सुटतो. त्यानंतर ट्रिमचे एक-दोन टिचके, काठी तेवढी सैल. पुन्हा टिचका, पुन्हा सैल. काठी मध्यावर आली की हात पूर्ण काढा. दहा सेकंदांत उंची पन्नास फुटांपेक्षा जास्त हलली नाही तर ट्रिम जमली. ट्रिमचं बटण एका दाबात फार मोठी उडी घेत असेल तर त्याचा वेग सेटिंगमध्ये कमी करा.

ट्रिम पक्की झाली की एक प्रयोग करून बघा. ३००० फुटांवर, ९० नॉटांवर विमान ट्रिम करा आणि हात काढा. थ्रॉटल तेवढी हळूच कमी करून १५०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आणा, काठीला हात लावू नका. विमान दोन-चार वेळा डुलेल आणि जवळपास त्याच वेगाने खाली उतरू लागेल. थ्रॉटल वाढवा, तर वेग वाढायच्या ऐवजी ते चढू लागेल. ट्रिम वेग धरून ठेवते, थ्रॉटल चढ-उतार ठरवते. हे नुसतं वाचून पटत नाही, स्क्रीनवर पाहिलं की पटतं, आणि पुढचं सगळं सर्किट यावरच उभं आहे.

इंजिन सुरू करायची पद्धत चेकलिस्टवरूनच शिका, कीबोर्डच्या शॉर्टकटने नको. मास्टर चालू, फ्युएल पंप चालू, मिक्स्चर पुढे करून फ्युएल फ्लोचा काटा हलला की मिक्स्चर परत मागे, पंप बंद, थ्रॉटल पाव इंच, चावी स्टार्टवर, इंजिनाने पेट घेतला की मिक्स्चर सावकाश पूर्ण पुढे. तेलाचा दाब तीस सेकंदांत वर आला पाहिजे. धावपट्टीआधी १८०० आरपीएमवर मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे दोन संच) तपासायचे: एकेकावर आकडा १५० पेक्षा जास्त पडू नये आणि दोघांत ५० पेक्षा जास्त फरक नसावा.

आल्टिमीटरचा दाब इथेच लावा. विमानतळाचा दाब १००३ हेक्टोपास्कल असताना आल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत १०१३ राहिला, तर तो सुमारे २७० फूट जास्त दाखवतो. जमिनीवर उभं असताना तो १०३३ च्या जवळ नसेल तर काहीतरी विसरलंय.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, नवखे लोक काठी मोटारीच्या स्टिअरिंगसारखी फिरवतात. जमिनीवर वळायचं ते पायाने. सुमारे १००० आरपीएम, भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने.

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे खाली झुकणारे पट्टे) शून्य, ट्रिम टेकऑफच्या खुणेवर, थ्रॉटल तीन सेकंद मोजत पूर्ण पुढे. विमान डावीकडे ओढेल. पंख्याच्या मागच्या पिळदार हवेमुळे आणि इंजिनाच्या उलट्या टॉर्कमुळे ते होणारच. उजवा पाय लावा, आणि नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवा, पंख्यासमोरच्या डांबरावर नको. ५५ नॉटांवर नाक हळूच उचला. ७४ नॉट हा सर्वांत चांगल्या चढाईचा वेग. तिथे ट्रिम करा. चढताना घसरदर्शकाचा गोळा उजवीकडे सरकलेला दिसतो. ज्या बाजूला गोळा, त्या बाजूचा पाय.

१५०० वर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ५०० फुटांवर, डावीकडे २३० ला वळा, वीस अंशांपेक्षा जास्त तिरकं न होता. २००० यायच्या पन्नास-साठ फूट आधीच नाक खाली आणायला सुरुवात करा; २००० दिसल्यावर सुरुवात केली तर २१०० वर पोचाल. मग थ्रॉटल २१०० आरपीएमच्या आसपास, वेग ९०, ट्रिम, आणि १४० ला डाउनविंड.

डाउनविंडला डाव्या खिडकीतून पाहिलं की धावपट्टी पंखाच्या तिरक्या टेकूला साधारण मध्याच्या जरा वर कापताना दिसली पाहिजे. घरच्या मॉनिटरवर हे दिसत नाही, हीच गोम. काठीवरच्या हॅट स्विचला (अंगठ्याने हलवायच्या छोट्या बटणाला) डावीकडे ४५ आणि ९० अंश अशी दोन दृश्यं लावून ठेवा आणि दर पाच सेकंदांनी बाहेर पाहायची सवय लावा. साध्या वेबकॅमवर चालणारं ओपनट्रॅक डोक्याच्या हालचालीनुसार दृश्य वळवतं. पेडलवर पैसे घालण्याआधी ते फुकटचं करून पाहा, सर्किटमध्ये जास्त उपयोग त्याचाच होतो. काही जण नकाशाची खिडकी उघडून त्यावर सर्किट काढतात. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत अंतराचा अंदाज येण्यासाठी ते ठीक. त्यापुढे तो कुबडीसारखा होतो.

धावपट्टीचं उतरायच्या बाजूचं टोक बरोबर डाव्या हाताला आलं की थ्रॉटल १५०० आरपीएम. वेग ११० च्या खाली आहे याची खात्री करून फ्लॅप १० अंश. सेस्ना इथे नाक वर उचलते, ते आधीच ओळखून काठी किंचित पुढे धरा. वेग ८० वर आला की ट्रिम. टोक डाव्या खांद्याच्या मागे ४५ अंशांवर दिसलं की ०५० ला बेस. उंची तेव्हा १७५० च्या सुमारास असावी. फ्लॅप २० (हा आणि पुढचा फ्लॅप ८५ नॉटांच्या खालीच), वेग ७०. फायनलवर वळून बाहेर पडताना १५०० फूट, धावपट्टीपासून सव्वा मैलाच्या आसपास. फ्लॅप ३०, वेग ६५, ट्रिम.

या वळणावर एक धोका आहे आणि सिम्युलेटरमध्ये तो मुद्दाम करून पाहावा, अर्थात तीन हजार फूट वर जाऊन. धावपट्टीची रेषा ओलांडून गेलात की मोह होतो तिरकेपणा वाढवून, आतल्या पायाने नाक ओढून परत यायचा. फ्लॅपविना ४८ नॉटांवर स्टॉल होणारं (पंखांची उचल सुटून खाली बसणारं) विमान ६० अंश तिरकं केलं की ६८ नॉटांवरच स्टॉल होतं. रेषा ओलांडली तर ओलांडली. तीस अंशांच्या आत राहून सावकाश परत या, नाहीतर गो-अराउंड घ्या, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढा. गो-अराउंडमध्ये पूर्ण थ्रॉटल दिल्याबरोबर, पूर्ण फ्लॅपवर ट्रिम केलेलं नाक जोरात वर येतं. काठी बरीच पुढे ढकलावी लागते. फ्लॅप लगेच २० वर, वेग ६०, चढायला लागल्यावर बाकीचे. हे दर पाच सर्किटांत एकदा तरी करा, गरज नसतानाही.

फायनलवर धावपट्टीची सुरुवात काचेतल्या एकाच जागी स्थिर दिसली, तर तुम्ही तिथेच पोचणार आहात. ती काचेत वर सरकली तर कमी पडताय, खाली सरकली तर पुढे जाताय. कमी पडत असाल तर थ्रॉटल. नाक वर ओढून लांब जाता येत नाही, वेग तेवढा जातो. धावपट्टीच्या बाजूचे, उतरण्याचा कोन दाखवणारे पापीचे दिवे दोन पांढरे-दोन लाल म्हणजे तीन अंशांचा उतार, मैलाला सुमारे ३०० फूट. छोट्या विमानाचं सर्किट याहून थोडं तीव्र असतं, त्यामुळे तीन पांढरे दिसले म्हणून घाबरू नका.

फ्लेअर, म्हणजे शेवटचे पंधरा फूट, घरी शिकायला सर्वांत कठीण. कारण सपाट पडदा खोली दाखवत नाही आणि कडेची नजर मॉनिटरच्या चौकटीशी संपते. जमीन किती खाली आहे हे खऱ्या विमानात बाजूने धावणाऱ्या गवतावरून कळतं. इथे ते दुसरीकडून मिळवावं लागतं. धावपट्टीचा आकार पाहा. सुरुवातीला तो त्रिकोणासारखा असतो, खाली येताना त्याच्या कडा पसरतात, आणि एका क्षणी त्या एकदम दोन्ही बाजूंना धावू लागतात. तो क्षण आला की थ्रॉटल पूर्ण मागे, आणि नजर झटकन धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे. आता उतरवायचा प्रयत्न सोडा. विमान जमिनीपासून दोन-तीन फुटांवर आडवं धरून ठेवा आणि ते खाली बसायला लागलं की काठी थोडी-थोडी मागे घेत त्याला बसू देऊ नका. वेग संपेल, स्टॉलचा भोंगा कुजबुजेल आणि मागची चाकं आपोआप टेकतील.

हे बिघडतं ते ठरलेल्या पद्धतींनी. ६५ च्या जागी ७५ वर आलात तर विमान जमिनीजवळच्या हवेच्या गादीवर लांबवर तरंगत राहतं. पंखांच्या विस्ताराइतक्या उंचीच्या आत, म्हणजे सेस्नाला सुमारे ११ मीटर, ओढ कमी होते. कंटाळून नाक खाली दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं आणि उसळ्या सुरू होतात. पहिल्या उसळीला काठी स्थिर धरावी, दुसऱ्या उसळीला पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड. तिसरी वाचवता येत नाही. काठी एकदम ओढली तर विमान वीस फूट वर जाऊन तिथे वेग संपवतं. प्रत्येक उतरणीनंतर रिप्ले बाहेरून, बाजूच्या कोनातून पाहा. आपण किती उंचीवर फ्लेअर सुरू केला हे पाहून धक्का बसतो. बहुतेक वेळा ते तीस-चाळीस फूट असतं, आणि नागपूरची रुंद धावपट्टी यात भर घालते: रुंद धावपट्टीवर आपण आहोत त्याहून खाली असल्यासारखे वाटतो.

फायनलवरची स्थिती साठवून तासाला वीस वेळा उतरण्याची सोय सिम्युलेटरमध्ये आहे. खऱ्या विमानात अशी चैन नाही, म्हणून ती जरूर वापरा, पण आठवड्यातल्या एखाद्या दिवशीच. तयार फायनलवर बसून फ्लेअर सुधारतो; त्या फायनलला योग्य उंचीवर, योग्य वेगात पोचायचं कसं हे मात्र सर्किट उडवूनच येतं. आणि फेरीच्या मध्ये पॉज दाबू नका.

वाऱ्याशिवाय सर्किट बसलं की हवामानाला हात घाला. वारा २३० वरून १० नॉट लावला की धावपट्टी ३२ ला तो बरोबर डावीकडून आडवा येतो. फायनलवर नाक वाऱ्याकडे वळवून सरळ रेषेत या, आणि शेवटी उजव्या पायाने नाक धावपट्टीला समांतर करत डावा पंख किंचित खाली. डावं चाक आधी टेकेल, तसंच हवं. वारा धावपट्टीच्या रेषेशी तीस अंशांच्या कोनातून येत असेल तर त्याचा निम्मा जोर आडवा लागतो, ४५ अंशांच्या कोनातून सात दशांश. सेस्नाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा दाखवून दिलेला आकडा १५ नॉट आहे. त्याच्या अर्ध्यापासून सुरू करा.

मग तापमान ४५ अंश करून पाहा, नागपूरचा मे महिना. १०३३ फुटांवर प्रमाण हवा १३ अंशांची धरतात. ३२ अंशांचा फरक, अंशाला १२० फूट, त्यात विमानतळाचे १०३३, म्हणजे विमानाला वाटतं आपण ४९०० फुटांवर आहोत. समुद्रसपाटीवर थंड हवेत ७३० फूट दर मिनिटाला चढणारं विमान आता आळसावतं, धाव लांबते. काट्यावरचे वेग तेच ठेवायचे, पण ६५ दाखवत असताना जमिनीवरून तुम्ही ७० ने जात असता. विमान अजून पळतंय म्हणून नाक उचलून वेग कमी करण्याची चूक इथे हमखास होते.

इंजिन बंद पडण्याचा सराव लवकर सुरू करा. उड्डाणानंतर जमिनीपासून ७०० फुटांच्या खाली असताना कोणाला तरी मिक्स्चर मागे ओढायला सांगा. नाक खाली, ६८ नॉट, समोर जे मोकळं दिसेल तिथे. हजार फुटांत सुमारे दीड मैल तरंगता येतं, वारा नसेल तर. मागे वळून धावपट्टी गाठता येते का हे प्रत्यक्ष करून पाहायला सिम्युलेटर ही उत्तम जागा आहे. बहुतेक प्रयत्न कुंपणाच्या अलीकडे संपतील.

घरचे तास लायसन्सच्या लॉगबुकात चढत नाहीत. एक वाईट सवयही लागते: डोळे काट्यांवर खिळतात, कारण पडद्यावर काटेच सर्वांत स्पष्ट असतात. पुढे फ्लाइंग क्लबला जायचं असेल तर दर दुसऱ्या सर्किटला वेगाचा काटा कागदाच्या तुकड्याने झाका आणि नाकाची जागा, हवेचा आवाज यांवर उडा. स्पिन (स्टॉल होऊन गरगरत खाली पडणं आणि त्यातून बाहेर येणं) मात्र सिम्युलेटरवर शिकलो असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

नागपूर जमल्यावर जुहू घ्या, धावपट्टी ०८. लांबी नागपूरच्या निम्म्याहूनही कमी, आणि जमीन जवळजवळ समुद्राच्या पातळीवर, म्हणून सर्किटचा आकडा २००० वरून १००० होतो. चिकटवलेला कागद बदला. समोर तीन-चार किलोमीटरवर मुंबईची मोठी धावपट्टी जवळपास त्याच दिशेत पडलेली दिसते. १९७२ मध्ये एक प्रवासी डीसी-८ मोठा विमानतळ समजून जुहूलाच उतरलं आणि धावपट्टी संपल्यावर पुढे गेलं, तेव्हा फायनलवर दिशादर्शकाचा आकडा आणि समोरचं चित्र दोन्ही जुळवून पाहा. धावपट्टी अरुंद असल्याने इथे उलटा भास होतो: आहोत त्याहून वर आहोत असं वाटतं, आणि नागपूरला चाळीस फुटांवर फ्लेअर करणारा माणूस इथे फ्लेअर करायच्या आधीच चाकं आपटतो.